मेलेल्या अळ्यांचा डबा

मी तातोबामामांना पकडलं तेव्हा त्यांच्या डब्यात छत्तीस अळ्या होत्या आणि त्या सगळ्या जिवंत होत्या.

शनिवारची दुपार होती. कॉलेज अर्ध्या दिवसाचं. मी प्रयोगशाळेत विसरलेली छत्री न्यायला परत आले, तर इमारतीच्या मागे, पाण्याच्या माठाजवळ मामा उकिडवे बसलेले. माठाखालच्या ओल्या वाळूतून त्यांनी बिस्किटांचा एक चौकोनी पत्र्याचा डबा उकरून काढला होता आणि झाकण उघडून आत बघत होते. मला बघून त्यांनी झाकण लावलं नाही. लपवण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटत नव्हतं.

"मामा, हे काय?"

"अळ्या," ते म्हणाले.

"त्या दिसतायत मला. कुणाच्या?"

त्यांनी जरा विचार केला. "सरकारच्याच म्हनायच्या."

डब्यात पपईच्या देठाच्या बोटभर लांबीच्या नळ्या ओळीनं लावल्या होत्या. प्रत्येक नळीची दोन्ही तोंडं ओल्या कापसानं बंद. कापूस आमच्या प्रयोगशाळेतला होता, तो मी लगेच ओळखला. मामांनी एका नळीचा कापूस काढून मला दाखवला. आत भिजवलेल्या हरभऱ्याची अर्धी डाळ होती आणि त्या डाळीला तोंड लावून एक हिरवी घाटेअळी बसली होती. मी बोट लावलं. ती वळवळली.

मी सरळ आत गेले आणि आमच्या अळ्या मोजल्या.

हे एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी साल. कृष्णाकाठच्या एका कृषी महाविद्यालयात मी एम.एस्सी.ला होते. कॉलेजचं नाव सांगत नाही. माझं काम असं, की हरभऱ्याच्या पिठाच्या खाद्यावर घाटेअळ्या वाढवायच्या, त्यातल्या दोनशेंना औषध द्यायचं, चाळीस तशाच ठेवायच्या, आणि चोवीस तासांनी ब्रशनं स्पर्श करून बघायचं. हलली तर जिवंत, नाही हलली तर मेली. मेलेल्यांचा आकडा तक्त्यात भरायचा. औषध एका कंपनीचं होतं. त्याला अजून नाव नव्हतं, नुसता नंबर होता. दर शुक्रवारी दोनशेपैकी एकशे पंच्याऐंशीच्या आसपास मरायच्या. माझे मार्गदर्शक डॉ. शिर्के त्या आकड्यावर खूश होते. मेलेल्या अळ्या एका ताटात भरून मी तातोबामामांकडे द्यायची आणि ते मागच्या खड्ड्यात रॉकेल टाकून जाळायचे.

निदान मला तसं वाटत होतं.

आम्ही जैन. माझी आई सूर्य मावळायच्या आत जेवायची, दिव्यावर येणारा किडा ताटात पडू नये म्हणून. घरी गेले की विचारायची, "चंदना, तिथं दिवसभर करतेस तरी काय?" मी म्हणायची, "मोजते." "काय मोजतेस?" "हरभऱ्याचं काहीतरी." एवढ्यावर तिचं समाधान व्हायचं. मी आठवड्याला जवळजवळ दोनशे जीव मारते हे घरात फक्त माझ्या भावाला माहीत होतं.

न मारायच्या चाळीस अळ्या चाळीसच भरल्या. पुढच्या पिढीसाठी ठेवलेल्याही पुऱ्या होत्या. एकही कमी नव्हती. मी परत मागे गेले.

"मामा, ह्या तुम्ही कुठून आणल्या?"

"तुमीच दिल्यासा की काल. ताटातनं."

"त्या मेलेल्या होत्या."

"आसतील," ते म्हणाले. "मला कुटं कळतंय. मी निस्ता ठेवतो."

तातोबा लोहार तेव्हा पन्नाशीचे असतील. सतरा वर्षं कॉलेजात रोजंदारीवर होते. बारीक अंगाचे, हाताच्या शिरा वर आलेल्या. त्यांना आयुष्यात एकच नाद होता, गळानं मासे धरण्याचा. गळ स्वतः बनवायचे, सायकलच्या तारेचा. दर रविवारी दिवस उगवताना नदीवर जाऊन बसायचे आणि उन्हं तापली की परतायचे. वाम मिळाली तर वाम, मरळ मिळाली तर मरळ. नाही मिळालं तर तसे परत.

"गांडूळ मिळतं न्हवं बारा म्हैनं," त्यांनी मला समजावलं, मी काही विचारलं नसताना. "मेसच्या मोरीच्या मागं रग्गड. पन उचललं आन गळाला लावलं आसं करू नये. त्याच्या पोटात माती आसती. फुगल्यालं आसतं, गळावर तुटतं. दोन दिस वल्या पोत्यात ठेवायचं. माती टाकून देतं, चिवट हुतं, रबरागत. मग टिकतं. आळीचं तसं न्हाई. आळी नाजूक. एका डब्यात दोन ठेवल्या की एक दुसरीला खाती."

हे मला माहीत होतं. म्हणून तर आम्हीही प्रत्येकीला वेगळी काचेची कुपी देत होतो. कुप्या पुण्याहून यायच्या.

"म्हनून पपयी," ते म्हणाले. "आतनं पोकळ. गार. आन आळीला वास आवडतो का काय, गप बसती. वाळूत ठिवलं की आठ दिस मरत न्हाई."

"आणि ह्या अळ्यांवर धरलेले मासे तुम्ही खाता?"

"मग? शोकेसात ठेवतो व्हय?"

"मामा, त्या अळ्यांना विष लावलेलं आहे!"

"आठ म्हैनं झालं," ते म्हणाले. "आळीच मरंना, मी कशानं मरतोय?"

मी छत्री न घेताच खोलीवर गेले.

पुढच्या शुक्रवारी मी आकडा भरला : दोनशेपैकी एकशे शहाऐंशी मेलेल्या. मग ताट मामांकडे न देता दोघं मिळून माठाजवळ बसलो. मामांनी देठ कापले, मी कापूस लावला. एकशे शहाऐंशी नळ्या भरायला दीड तास लागला. मामांचा हात माझ्यापेक्षा सफाईदार होता. अळीला चिमटीत न धरता ते हरभऱ्याच्या सालपटावर उचलून घ्यायचे. मी चिमटा वापरत होते, तो त्यांनी माझ्या हातातून काढून घेतला आणि खिशात ठेवला. "दुखतंय तिला," एवढंच म्हणाले. ज्या अळीला ते परवा गळाला टोचणार होते तिच्याबद्दल ते बोलत होते, पण त्यात त्यांना काही विसंगत वाटलं नाही. मलाही तेव्हा वाटलं नाही.

सोमवारी आम्ही नळ्या उघडल्या. एकशे एकतीस जिवंत होत्या. नुसत्या हलत नव्हत्या, डाळ खाऊन त्यांनी लेंड्या टाकल्या होत्या. काही कात टाकून मोठ्या झाल्या होत्या.

म्हणजे औषधानं अळी मरत नव्हती. तिला भोवळ येत होती. चोवीस तास ती मेल्यासारखी पडायची, आणि त्या चोवीस तासांच्या शेवटी आम्ही ब्रश घेऊन यायचो.

मी मामांना विचारलं, "शेतातल्या प्रयोगातही असंच होत असेल?"

"व्हय की," ते म्हणाले. "फवारलं की पटापटा खाली पडत्यात. दुसऱ्या दिशी सर येऊन झाडावर मोजत्यात. झाडावर कुटनं आसतील? खाली पडल्यात न्हवं. चवथ्या दिशी वर चढत्यात. तवा सर नसत्यात."

"तुम्ही कुणाला सांगितलं का नाही?"

"मला कुनी इचारलंय?"

डॉ. शिर्के वाईट माणूस नव्हते. हे मला सांगितलंच पाहिजे, कारण अशा गोष्टीत त्यांच्या जागी असलेला माणूस वाईट असला की ऐकायला सोपं जातं. मला वसतिगृहात खोली मिळत नव्हती तेव्हा ते स्वतः दोनदा प्राचार्यांकडे गेले होते. स्वतःची पुस्तकं द्यायचे आणि परत मागायचे नाहीत. मी त्यांच्या खोलीत गेले तेव्हा ते पेरू कापत होते. अर्धा त्यांनी मला दिला.

मी सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं.

"प्रयोगाच्या आराखड्यात किती तास लिहिलेत?"

"चोवीस, सर."

"बाकीची केंद्रं किती तासांनी मोजतात?"

"चोवीस."

"मग तुझा आकडा चुकीचा आहे का?"

"नाही सर. पण अळ्या जिवंत आहेत."

"हं." त्यांनी सुरी पुसली. "तू लिही. मी अडवणार नाही. पण लिहायचं तर नीट लिहावं लागेल. अळ्या चोवीस तासांनंतर कुठे होत्या? प्रयोगशाळेबाहेर. कुणी नेल्या? कुणाच्या परवानगीनं? जाळायला दिलेला विषारी माल आठ महिने जाळलाच नाही, नदीवर नेला. हे सगळं त्यात येईल. मी लपवू शकत नाही."

मी पेरू हातात धरून उभी होते.

"तातोबाला कायम करण्याची फाईल माझ्या टेबलावर आहे," सर म्हणाले. त्यांनी खरंच ती फाईल दाखवली, पिवळ्या पुठ्ठ्याची. "सतरा वर्षांनी वर चालली आहे. ह्याच आठवड्यात. अहवालही ह्याच आठवड्यात जायचा आहे. निरीक्षक म्हणून सही तुझी आहे. तू ठरव."

त्यांचा आवाज चढला नाही. मला धमकी दिली असं मी आजही म्हणू शकत नाही. त्यांनी फक्त दोन गोष्टी एकाच टेबलावर ठेवल्या.

मी दोन दिवस विचार केला. नवीन अळ्या वाढवून प्रयोगशाळेतच पुन्हा प्रयोग करायचा तर तीन आठवडे लागले असते. अहवाल चार दिवसांत जायचा होता. मामांना पोरगी होती, लग्नाची. बायकोला दमा. कायम झाले तर दवाखान्याची सोय होणार होती. हे सगळं मला माहीत होतं आणि मी ते मनात पुन्हा पुन्हा घोळवत होते. माझ्या स्वतःच्या पदवीचा विचार मी केलाच नाही, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं.

गुरुवारी मी सही केली. मृत्यू : त्र्याण्णव टक्के. चोवीस तास.

मामांना मी काहीच सांगितलं नाही. नळ्यांचं काय झालं असं त्यांनीही विचारलं नाही. पुढच्या शुक्रवारी मी ताट त्यांच्या हातात दिलं आणि ते घेऊन गेले. बदल एवढाच केला, की अळ्या आधी पाण्यानं धुऊन घ्या असं त्यांना बजावलं. ते धुवायला लागले.

पाच महिन्यांनी त्यांचा कायम झाल्याचा हुकूम आला. कागदाच्या पुडीत पेढे घेऊन ते प्रयोगशाळेत आले. अंगात नवा शर्ट होता, त्याची घडी अजून मोडली नव्हती. आधी सरांना दिले, मग मला.

"बसा मामा," मी म्हटलं. ते बसले नाहीत. कायम झाले तरी सवय गेली नव्हती.

मी पेढा खाल्ला. आणि मला राहवलं नाही. पाच महिने एक गोष्ट आत धरून होते, ती आता चांगली म्हणून बाहेर काढता येईल असं वाटलं.

"मामा, त्या एकशे एकतीस अळ्यांचं मी अहवालात लिहिलं नाही. लिहिलं असतं तर तुमची फाईल अडली असती. तुमच्यासाठी मी सही केली."

मामा पुडीचा दोरा बोटाला गुंडाळत होते. ते थांबले.

"माझ्यासाटनं?"

"हो."

"मला इचारलासा?"

मी टेबलावरचा ब्रश उचलून पुन्हा जागेवर ठेवला.

"इचारायचं हुतं," ते म्हणाले. आवाज नेहमीचाच होता, गांडूळ कसं ठेवायचं सांगतानाचा. "मी लिवा म्हनलो आसतो. सतरा वर्सं रोजंदारीवर गेली. आनी गेली आसती, दुसरं काय हुतं? फवारनाऱ्याला वाटतंय आळी मेली. त्यो घरी जाऊन झोपतोय. चवथ्या दिशी शेतात काय बगंल त्यो?"

"मामा, मला वाटलं—"

"तुमाला तुमचं कागद पायजे हुतं, म्याडम. त्येला काय वंगाळ न्हाई. पर माझं नाव म्होरं करू नगासा. सही तुमची हाय."

त्यांनी पुडी माझ्या टेबलावर ठेवली. "दोन ऱ्हायल्यात. खावा," म्हणाले आणि बाहेर जाऊन व्हरांडा झाडायला लागले. व्हरांडा सकाळीच झाडून झाला होता.

मला राग आला होता, आधी त्यांचा, मग कुणाचा ते कळेना. संध्याकाळी एक साधी गोष्ट लक्षात आली. मामा कायम झाले होते. आता चौकशी झाली तर झाली, पण फाईल अडायची भीती संपली होती. म्हणजे माझ्याकडे कारण उरलं नव्हतं. माझा प्रबंध अजून जायचा होता, त्यात तेच आकडे होते, आणि त्याखाली मी पुन्हा एकदा सही करणार होते.

दुसऱ्या दिवशी मी नव्या अळ्यांसाठी अंडी लावली.

पुढे काय झालं ते आधी सांगते. नव्या प्रयोगाचा तक्ता मी सरांना दिला. त्यांनी तो बराच वेळ बघितला आणि म्हणाले, "चंदना, मी हा पुढे पाठवणार नाही." मी म्हटलं, "मग मी पाठवते." त्यांनी मान हलवली. रागावले नाहीत. पुन्हा कधी पेरू दिला नाही. मी तक्ता विभागप्रमुखांकडे दिला, सोबत आधीच्या अहवालाबद्दल एक पत्र. त्यात सही माझी होती, जिवंत अळ्या मी मोजल्या होत्या आणि लिहिल्या नाहीत, एवढंच होतं. समिती बसली. तिनं अधिक चाचण्या आवश्यक आहेत असं लिहिलं. कंपनीनं आमच्या केंद्रावरचं काम बंद केलं. मला दुसरे मार्गदर्शक मिळाले, ज्वारीवरची मावा कीड हा विषय मिळाला आणि पदवी दीड वर्ष उशिरा मिळाली. ते औषध बाजारात आलं की नाही मला सांगता येणार नाही. माझ्या वेळी त्याला नुसता नंबर होता, आणि दुकानातल्या डब्यावर नंबर नसतो, नाव असतं. माझा भाऊ हरभऱ्यावर फवारायचा तेव्हा मी त्याला इतकंच सांगायची, की चौथ्या दिवशी जाऊन बघ. तो म्हणायचा, तू फार शंकेखोर झालीस.

मामांना एक मेमो मिळाला, माल न जाळल्याबद्दल. त्यांनी तो घडी घालून खिशात ठेवला. आठ वर्षांनी ते निवृत्त झाले. अगदी शेवटपर्यंत रविवारी नदीवर जात होते असं ऐकलं.

आता तो दिवस सांगते.

दोनशे अळ्यांना औषध दिलं होतं. चोवीस तासांनी एकशे सत्त्याऐंशी हलत नव्हत्या. त्या मी जाळायला दिल्या नाहीत. प्रयोगशाळेतच, टेबलावर, कुप्यांत न ठेवता पपईच्या देठांत ठेवल्या, कारण कुप्या दुपारी तापतात आणि देठ गार राहतो हे मी आता शिकले होते. देठ मामांनीच आणले. ह्या वेळी त्यांनी काही चोरलं असं कुणी म्हणू शकत नव्हतं. नोंदवहीत मी त्यांचं नाव मदतनीस म्हणून लिहिलं होतं.

औषध दिल्यापासून तीन दिवसांनी सकाळी अकरा वाजता आम्ही बसलो. मामा कापूस काढायचे आणि नळी माझ्यासमोर धरायचे. मी ब्रश लावायची.

"जित्ती," मामा म्हणायचे, मी ब्रश लावायच्या आधीच.

"थांबा, मला बघू द्या."

"बगा."

बहुतेक वेळा ती हलायची. मी रेघ ओढायची. असं करत एकशे सत्त्याऐंशी नळ्या झाल्या. मध्ये सर दारापर्यंत आले, उभे राहिले आणि गेले. मामांनी त्यांना नमस्कार केला, एका हातात नळी होती म्हणून दुसऱ्या हातानं. बेरीज केली तेव्हा एकशे चाळीस जिवंत निघाल्या. मी ती दोनदा केली. मामांनी एकदाही विचारलं नाही किती झाल्या म्हणून. त्यांनी मोजल्याच असाव्यात.

तक्त्याखाली निरीक्षकांसाठी दोन ओळी असतात. आजवर दुसरी ओळ मी मोकळी सोडायची. त्या दिवशी मी पहिल्या ओळीवर सही केली आणि वही मामांकडे सरकवली.

"इथं तुमची."

"माझी कशाला?"

"तुम्ही बघितलंत ना?"

त्यांनी हात शर्टाला पुसले. पेन घेतलं, टोक बघितलं. मग फार सावकाश, एकेक अक्षर दाबून लिहिलं : तातोबा रामा लोहार. शेवटच्या काना-मात्रेवर पुन्हा एकदा पेन फिरवलं.

"ह्या रकान्यात काय?"

"किती वेळानं मोजल्या ते लिहायचं. बहात्तर तास."

मामांनी रकान्याकडे बघितलं, मग खिडकीबाहेर बघितलं, आणि खाली वाकून लिहिलं : तीन दिस.

मी ते खोडलं नाही.